‘द फॉल’विषयी प्रेक्षकांची मते इतकी विभागलेली का आहेत?

आपला प्रश्न मला असा समजला : तरसेम सिंग यांचा ‘द फॉल’ पाहताना आपले डोळे दिपले, पण कथेत मन रमले नाही, आपल्या ओळखीतल्या काहींना हा आजवर पाहिलेला सर्वांत सुंदर चित्रपट वाटतो, तर काहींना ती दोन तासांची पर्यटनाची जाहिरात वाटते, तेव्हा यांत बरोबर कोण, आणि परीकथाच आहे म्हणून आपल्या दहा वर्षांच्या मुलीला तो दाखवावा का. मी जाहिरातपट आणि माहितीपट यांचे संकलन करतो आणि पुण्यातील एका फिल्म सोसायटीत खेळानंतरच्या चर्चाही चालवतो. हा चित्रपट तिथे दाखवला तेव्हा सभागृहाचे असेच दोन तट पडले होते, म्हणून आपली अडचण मला परकी नाही. उत्तरात शेवटापर्यंतची कथा येणार आहे. आपण चित्रपट पाहिलेला आहे, पण इतर वाचकांनी याची नोंद घ्यावी.

प्रथम प्रश्न थोडा वेगळ्या रीतीने मांडतो. ‘दृश्ये उत्तम, कथा कच्ची’ असा निकाल देताना आपण हे गृहीत धरतो की, दृश्ये आणि कथा एकाच व्यक्तीच्या डोक्यातून निघाली आहेत आणि त्या व्यक्तीला एक काम जमले, दुसरे जमले नाही. ‘द फॉल’मध्ये मात्र कथा सांगणारा एक आहे आणि ती डोळ्यांसमोर आणणारी दुसरीच आहे. मूकपटांच्या काळातील लॉस एंजेलिसच्या एका रुग्णालयात रॉय हा स्टंटमन अंथरुणाला खिळून आहे. पुलावरून मारलेली उडी फसल्याने त्याचे पाय लुळे पडले आहेत आणि प्रेयसी चित्रपटाच्या नायकाबरोबर निघून गेली आहे. त्याच रुग्णालयात अलेक्झांड्रिया ही स्थलांतरित कुटुंबातील लहान मुलगी आहे. संत्री तोडताना पडून तिचा हात मोडला आहे. रॉय तिला गोष्ट सांगतो, ती ऐकते. आणि पडद्यावर आपल्याला जे वाळवंट, जे राजवाडे, जे वेश दिसतात ते रॉयच्या मनातले नसून तिच्या मनातले आहेत.

हे एकदा ध्यानात आले की अनेक ‘विसंगती’ वेगळ्या दिसू लागतात. रॉयच्या गोष्टीत पाच वीर एका खलनायकावर सूड उगवायला निघाले आहेत. या सूडवीरांपैकी एकाचे तो वर्णन करतो ते अमेरिकेतील आदिवासी योद्ध्याचे. त्याची बायको, त्याचे तंबूसारखे घर, सगळे तिथले. पण मुलीने पाहिलेला ‘इंडियन’ म्हणजे तिच्याबरोबर संत्री तोडणारा भारतीय मजूर, त्यामुळे पडद्यावर येतो तो फेटेवाला, तलवारधारी भारतीय. गोष्टीतील गुलाम योद्ध्याचा चेहरा रुग्णालयात बर्फ पोहोचवणाऱ्या माणसाचा आहे. राजकुमारीचा चेहरा तिच्या आवडत्या परिचारिकेचा आहे. रॉयच्या मनात त्या जागी त्याला सोडून गेलेली स्त्री आहे, हे मुलीला ठाऊकही नाही. खलनायकाच्या काळ्या चिलखती सैनिकांकडे पुन्हा नीट पाहा : क्ष-किरण विभागात जाड संरक्षक पोशाख घालून वावरणारा आणि तिला घाबरवून सोडणारा कर्मचारीच तिथे अनेक पटींनी उभा आहे. या वीरांचा म्होरक्या असलेल्या मुखवटाधारी डाकूलाही सुरुवातीला तिच्या मृत वडिलांचा चेहरा आहे, आणि पुढे तिथे रॉय येतो. हा बदल कोणी समजावून सांगत नाही, पण माझ्या मते चित्रपटाचे सगळे भावनिक गणित त्या एका अदलाबदलीत आहे.

आता कथेच्या विस्कळीतपणाविषयी. आपल्याकडच्या कहाणीत ‘आटपाट नगर होतं’ म्हटल्यावर त्या नगराचा पत्ता कोणी विचारत नाही, आणि शेवटी ती ‘सुफळ संपूर्ण’ होणार याची हमी ऐकणाऱ्याला आधीच मिळालेली असते. रॉयची गोष्ट ही त्या जातीची नाही. ती वेताळाच्या गोष्टीच्या अधिक जवळची आहे. वेताळाला राजाचे मौन मोडायचे असते, म्हणून तो गोष्ट सांगतो. रॉयला मरायचे आहे, आणि त्यासाठी लागणारे मॉर्फीन मुलीकडून चोरून आणवायचे आहे, म्हणून तो गोष्ट सांगतो. ती ऐन रंगात आली की तो थांबतो, औषधाचा विषय काढतो, ते आणले तरच पुढचा भाग सांगीन असे सुचवतो. गोष्ट त्याने आधी रचलेलीच नाही. मुलीची नजर हलली की तो वळण बदलतो. तिला समुद्री चाचे नको असतील तर ते डाकू होतात. म्हणून प्रसंगांमागून प्रसंग ‘आणि मग’ या धाग्याने येतात, ‘म्हणून’ या धाग्याने येत नाहीत. पटकथेच्या सवयीने पाहणाऱ्याला हे खटकते, आणि ते खटकणे स्वाभाविक आहे.

परंतु इथे एक सावधगिरी आवश्यक वाटते, कारण या चित्रपटाचे चाहते नेमके इथेच थांबतात. ‘कथा मुद्दामच सैल ठेवली आहे’ हा बचाव कोणत्याही फसलेल्या चित्रपटाला लावता येतो. संकलनाच्या टेबलावर मी यासाठी एक साधी कसोटी वापरतो : सैलपणा जर हेतुपुरस्सर असेल, तर सांगणाऱ्याची अवस्था बदलताच सैलपणाची जातही बदलली पाहिजे. ‘द फॉल’ या कसोटीला दोन ठिकाणी पूर्ण उतरतो. सुरुवातीला रॉय वाळवंटात अडकलेल्या सिकंदराची एक छोटी गोष्ट सांगतो. ती कोरडी, औपचारिक आणि निष्प्राण आहे, कारण त्याचे तिच्यात काहीच गुंतलेले नाही. आणि शेवटी, औषधाचा बेत फसल्यावर आणि आपल्यापायी मुलगी दुसऱ्यांदा जखमी झाल्यावर, तो आपल्या वीरांना एकेक करून मारू लागतो. ते मृत्यू घाईघाईचे आणि अन्यायाचे वाटतात, आणि तसेच वाटायला हवेत, कारण मारणारा खलनायक नसून निवेदक आहे. मुलगी ते ओळखते आणि त्याला थांबायला सांगते. या दोन टोकांना कथा आणि कथनकार यांचे नाते चोख आहे.

मधल्या भागात मात्र ही कसोटी अपुरी पडते. तिथे दृश्ये बदलतात, देश बदलतात, पण रॉयच्या मनात काय बदलले ते आपल्याला कळत नाही; सूडवीरांपैकी निसर्गशास्त्रज्ञ डार्विन सोडला तर कोणाला स्वतःचा स्वभावही मिळत नाही. हा दोष मुलीच्या कल्पनेवर ढकलता येणार नाही. त्याचे कारण, माझ्या समजुतीप्रमाणे, चित्रपट ज्या पद्धतीने तयार झाला तिच्यात आहे.

तरसेम सिंग मूळचे जालंधरचे. १९९१ मधील एका गाजलेल्या रॉक गीताच्या व्हिडिओमुळे त्यांचे नाव झाले, २००० मध्ये ‘द सेल’ हा त्यांचा पहिला चित्रपट आला, आणि या सगळ्या काळात ते मुख्यतः जाहिरातपट करत होते. ‘द फॉल’ त्यांनी मोठ्या अंशी स्वतःच्या पैशाने, सुमारे चार वर्षांत, वीसहून अधिक देशांत चित्रित केला. जाहिरातीच्या कामासाठी जिथे जाणे होई तिथे या चित्रपटाचेही काही चित्रण उरकून घेतले जाई. त्याचे बीज १९८१ च्या ‘यो हो हो’ या बल्गेरियन चित्रपटात आहे. २००६ मध्ये टोरांटो महोत्सवात तो दाखवला गेला, पण अमेरिकेत चित्रपटगृहांत पोहोचायला २००८ उजाडले, तेही डेव्हिड फिंचर आणि स्पाइक जोन्झ या नामवंत दिग्दर्शकांनी प्रस्तुतकर्ते म्हणून आपली नावे दिल्यावर.

जाहिरातीत वाढलेल्या दिग्दर्शकाची एक खूण असते आणि ती मला रोजच्या कामातून परिचित आहे. जाहिरातीचा शॉट दोन-तीन सेकंदांत स्वतःचे म्हणणे पुरे करतो. त्याला मागच्या-पुढच्या शॉटची गरज भासता कामा नये. कथापटाचा शॉट याच्या उलट काहीतरी अपुरे ठेवतो, आणि ते अपुरेपण पुढच्या शॉटला ओढून आणते. ‘द फॉल’मधील निसर्गचित्रे बहुतेक पहिल्या जातीची आहेत. माणसे लहान, क्षितिज विशाल, रंग ठाशीव, रचना सममित. प्रत्येक चौकट भिंतीवर टांगण्याजोगी आहे आणि म्हणूनच पुढची चौकट मागत नाही. पंगतीत प्रत्येक वाढपी श्रीखंडच घेऊन येऊ लागला तर जी अवस्था होते ती मधल्या अर्ध्या तासात काही प्रेक्षकांची होते, आणि त्यांना अरसिक म्हणण्याचे कारण नाही.

एक अपवाद मुद्दाम सांगतो. डार्विन ज्या दुर्मीळ फुलपाखराच्या शोधात आहे ते त्याला मेलेले, टाचणीने टोचलेले मिळते, आणि त्या फुलपाखराच्या आकारातून निळ्या समुद्रातील त्याच आकाराचे प्रवाळबेट उमटते. हा डिझॉल्व्ह नुसता देखणा नाही. ज्या बेटावर हे वीर अडकले आहेत आणि ज्या अपमानामुळे डार्विन सूडाला निघाला आहे, त्या दोन गोष्टी तो एका ओळीत जोडतो. असे सांधे चित्रपटात आणखी चार-सहा असते तर ‘कथा नाही’ ही तक्रार बरीच कमी झाली असती.

भारतीय प्रेक्षकांची म्हणून एक वेगळी अडचण आहे, आणि आमच्या चर्चेत सर्वाधिक वाद तिच्यावर झाला. खलनायकाचे निळे शहर जोधपूर आहे. निराशेचा चक्रव्यूह म्हणून जयपूरचे जंतरमंतर येते. आभानेरीची चाँद बावडी, आग्र्याचा ताजमहाल, लडाखचे पँगाँग सरोवर, हे सारे आपण ओळखतो. परदेशी प्रेक्षकाला जी अज्ञात अद्भुतनगरी वाटते तिथे आपल्यापैकी अनेकांनी कधीतरी तिकीट काढून प्रवेश केलेला असतो. त्यामुळे त्याच्यासाठी घडणारी जादू आपल्यासाठी मध्येच तुटते, आणि ‘ही पर्यटनाची जाहिरात आहे’ हा शेरा इकडेच जास्त ऐकू येतो. मला स्वतःला ओळखीच्या जागा अशा अनोळखी होताना पाहणे आवडले. जंतरमंतरच्या यंत्रांचे जिने, जे आकाश मोजण्यासाठी बांधले आहेत, ते कुठेच न पोहोचणारे जिने म्हणून वापरणे ही चांगली कल्पना आहे. तरीही आक्षेपात तथ्य आहे. गोष्टीतील भारतीयाला देखणेपणा आणि दुःख याखेरीज काही दिलेले नाही. गुलाम योद्ध्याचे नाव ओटा बेंगा आहे, आणि याच उच्चाराच्या नावाच्या काँगोतील एका तरुणाला १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात माणसांनी पाहावे म्हणून ठेवले होते. इतके जड नाव उचलायचे आणि त्याचे काहीच करायचे नाही, हे मला खटकते. मुलीला तो इतिहास ठाऊक नसणार हे खरे. दिग्दर्शकाला ठाऊक असणारच.

वेशभूषेला मात्र या तक्रारीतून वगळावे लागेल. एइको इशिओका यांचे काम चित्रपटातील सर्वांत विचारपूर्वक केलेले काम आहे. एखाद्या मुलीने अर्धवट पाहिलेल्या वस्तू मोठ्या करून अंगावर घालाव्यात तसे ते कपडे दिसतात, आणि विशाल चित्रणात ठिपक्याएवढी झालेली माणसेही रंगावरून ओळखता येतात. अशा प्रचंड चौकटींत कोण कुठे आहे हे न गोंधळता कळणे ही संकलकाच्या दृष्टीने मोठीच सोय आहे.

आता चित्रपटाच्या ज्या भागाकडे कोणी छायाचित्रे काढून मित्रांना पाठवत नाही, त्याकडे वळतो : रुग्णालय. कातिंका उंतारू ही रोमानियन मुलगी तेव्हा सहा वर्षांच्या आसपासची होती आणि तिला इंग्रजी जेमतेम येत होते. रॉयची भूमिका करणाऱ्या ली पेस यांना खरोखरच चालता येत नाही असे तिला आणि युनिटमधील बहुतेकांना सांगण्यात आले होते. पलंगाभोवतीच्या पडद्याला लहान भोके पाडून त्यांतून चित्रण केले गेले, म्हणजे कॅमेऱ्याचे भान तिला राहू नये. त्यामुळे तिचे अडखळणे, चुकीचा शब्द पकडणे, मध्येच विषय सोडून देणे हे लिहिलेल्या संवादांसारखे नाहीच. रॉय औषधाचे नाव तिला कागदावर लिहून देतो, ती शेवटचे अक्षर तीनचा आकडा समजते आणि बाटलीतल्या फक्त तीन गोळ्या ठेवून बाकीच्या फेकून देते. रॉयचा जीव त्या दिवशी वाचतो तो या गैरसमजाने. तसेच किल्लीच्या भोकातून आलेल्या प्रकाशाने भिंतीवर घोड्याची उलटी प्रतिमा पडते आणि ती मुलगी ती बघत राहते, हे दृश्य आठवा. त्यात वाळवंट नाही, राजवाडा नाही, पण चित्रपट म्हणजे काय हे त्यात सांगून झाले आहे.

माझे निरीक्षण असे की, ज्यांना ‘द फॉल’ मनापासून आवडतो ते कारण म्हणून दृश्यांचे नाव घेतात, पण बोलता बोलता सांगतात ते प्रसंग रुग्णालयातले असतात. आणि ज्यांना आवडत नाही त्यांना रुग्णालयातले प्रसंग म्हणजे मुख्य गोष्टीत आलेला व्यत्यय वाटलेला असतो. कोणता भाग मुख्य आणि कोणता दुय्यम, हे पहिल्या वीस मिनिटांत प्रेक्षक नकळत ठरवून टाकतो, आणि पुढचे मत बहुतांशी त्यावर अवलंबून राहते.

हे ठरणे काही अंशी परिस्थितीवरही अवलंबून असते, आणि तिथे कोणालाही दोष देता येत नाही. हा चित्रपट बराच काळ सहज उपलब्ध नव्हता. २०२४ मध्ये त्याची पुनर्संस्कारित प्रत लोकार्नो महोत्सवात आणि नंतर मुबी या ऑनलाइन चित्रपटसेवेवर आली. मधल्या वर्षांत तो सुट्या चित्रांतून आणि छोट्या तुकड्यांतूनच फिरत राहिला. त्या तुकड्यांवरून आलेला प्रेक्षक दोन तास तेच अपेक्षितो, आणि आजारी माणसाच्या खाटेपाशी इतका वेळ बसावे लागल्याने नाराज होतो. याउलट काहीच न वाचता, मोठ्या पडद्यावर पाहणाऱ्याला बेथोव्हेनच्या सातव्या सिम्फनीच्या संथ चालीवर उलगडणारे ते कृष्णधवल सुरुवातीचे दृश्य, पूल, आगगाडी आणि नदीतून वर ओढला जाणारा घोडा, यांचा अर्थ शोधत राहावेसे वाटते. समीक्षकांतही हीच फूट होती : रॉजर एबर्ट यांनी चारपैकी चार तारे दिले, तर इतर अनेकांनी त्याला पोकळ ठरवले. आपण तो कोणत्या पडद्यावर, किती थकलेल्या अवस्थेत पाहिला हे मला माहीत नाही, पण फोनवर पाहिला असेल तर निसर्गचित्रे केवळ वॉलपेपर होऊन जातात एवढे नक्की सांगतो.

तेव्हा बरोबर कोण, या प्रश्नाला माझे उत्तर असे : मधला भाग पोकळ आहे असे म्हणणारे बरोबर आहेत, चित्रपट पोकळ आहे असे म्हणणारे चूक आहेत. आपल्याला कथा विस्कळीत वाटली ते आपल्या रसिकतेचे उणेपण नव्हे. फक्त तो विस्कळीतपणा दोन प्रकारचा आहे, त्यातला एक रॉयचा आणि एक दिग्दर्शकाचा, आणि त्यांची गल्लत करू नये एवढेच माझे म्हणणे आहे.

मुलीला दाखवण्याविषयी मात्र मी फारसा घुटमळणार नाही. दहाव्या वर्षी नको. अमेरिकेत या चित्रपटाला हिंसक दृश्यांमुळे ‘आर’ प्रमाणपत्र मिळाले होते, म्हणजे सतरा वर्षांखालील मुलांनी मोठ्यांच्या सोबतीनेच पाहावा असे. पण रक्त हे माझ्या नकाराचे मुख्य कारण नाही. एक प्रौढ माणूस, जो मुलीशी प्रेमाने बोलतो, तिचा विश्वास संपादून तिच्याकडून स्वतःला मारण्याचे साधन आणवतो, हा चित्रपटाचा गाभा आहे. आणि शस्त्रक्रियेच्या वेळचे बाहुल्यांच्या सचेतनपटातील दुःस्वप्न मोठ्यांनाही अस्वस्थ करते. समुद्रात पोहणारा हत्ती आणि निळे शहर तिला दाखवायचे असेल तर तेवढे तुकडे दाखवावेत, त्यात काही बिघडत नाही. पूर्ण चित्रपट चौदा-पंधराव्या वर्षी, आपण शेजारी बसून, आणि रॉय तिच्याशी वाईट वागतो आहे का हे तिला मध्येच विचारायची तयारी ठेवून. अर्थात घरात अलीकडे कोणाचा मृत्यू किंवा दीर्घ आजार झाला असेल तर तेव्हाही थांबावे; हे आपल्यालाच ठरवता येईल.

आपण स्वतः पुन्हा पाहणार असाल तर एक सुचवतो. या वेळी निसर्गचित्रांच्या वेळी कान अधिक जागे ठेवा. दृश्य वाळवंटाचे असले तरी आवाज बहुतेकदा खाटेपाशीचा असतो : मुलगी मध्येच प्रश्न विचारते, रॉय थकून थांबतो, कुठे वाक्य अर्धे सोडतो. मधल्या भागात जिथे आपल्याला कंटाळा आला होता तिथे हे आवाज किती वेळ ऐकू येत नाहीत, तेही पाहा. मला वाटते की आपला कंटाळा आणि त्यांची अनुपस्थिती बऱ्याच ठिकाणी जुळून येईल. न जुळल्यास कोणत्या प्रसंगी जुळले नाही ते अवश्य कळवा.